तीन नंबरच्या शेडातल्या सव्वीस

टेम्पो एमआयडीसीच्या रस्त्याला लागला तसा भुजंग मुकादमानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बायांना नावं वाटायला सुरुवात केली.

"गयाबाई, तू आज शेवंताबाई. मीना, तू नंदाबाई. बराबर ध्यानात ठेवा. साहेबानं नाव पुकारलं की हजर म्हणायचं, सही करायची, फोटो काढायचा, चहा प्यायचा. झालं काम."

"शेवंताबाई तर मेली की," गयाबाई म्हणाली.

"मेली तर काय झालं? कागदावर हाय ना."

"मेलेल्या बाईच्या नावाला मी ओ न्हाई द्यायची. उद्या ती माझ्या दारात यील विचारायला."

"आली तर घेऊन ये. सीझन हाय, माणसं कमीच हायेत."

टेम्पोभर हसू पिकलं. गयाबाई मात्र हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर बघत बसली.

टेम्पोत नऊ बाया होत्या आणि एकीलाही आज स्वतःचं नाव नव्हतं. त्या बियाणं प्रक्रियेच्या एका प्लांटात, तीन नंबरच्या शेडात काम करायच्या. एप्रिल महिना, म्हणजे कपाशीचं बी निवडून पाकिटात भरायची घाई. पण त्याच महिन्यात अग्निशमन सेवा सप्ताह असतो, आणि प्लांटला आगीबाबतचा आपला दाखला नवा करून घ्यायचा होता. त्यासाठी कामगारांना प्रशिक्षण दिल्याचा कागद लागत होता. म्हणून मॅनेजरनं मुकादमाला सांगितलं होतं, नऊ बाया घे आणि जालन्याचं अग्निशमन केंद्र दाखवून आण.

नऊच, कारण प्लांटनं दिलेल्या कागदांवर तीन नंबरच्या शेडात नऊ बाया होत्या. यादी दोन वर्षांपूर्वीची. त्यातल्या चौघी काम सोडून गेलेल्या, शेवंताबाई गेल्या आषाढात काविळीनं वारलेली, आणि उरलेल्या चौघी मशीनवर इतक्या गरजेच्या की त्यांना सोडता येत नव्हतं. मुकादमानं सोडण्यासारख्या नऊ जणी उचलल्या आणि त्यांच्यावर यादीतली नऊ नावं चिकटवली. शेडात खऱ्या बाया होत्या सव्वीस. बाया ठेकेदारामार्फत लावलेल्या, आणि ठेकेदाराकडं जास्त माणसं कागदावर दिसली की त्याच्यामागं परवाने, तपासण्या, कायदे असं बरंच काही लागतं, हे मीनानं स्वतः वाचून शोधून काढलं होतं.

मीना बी.एस्सी. झालेली होती, रसायनशास्त्र घेऊन. गाव हसनाबादजवळचं, राहायला जालन्यात चुलत बहिणीच्या खोलीवर. अकरा महिन्यांपूर्वी ती निवडीच्या टेबलावर लागली आणि तिसऱ्याच महिन्यात तिच्याकडं उगवण चाचणी आली. शंभर-शंभर बिया ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, गुंडाळी करायची, चौथ्या दिवशी उलगडायची आणि मग बाराव्या. किती उगवल्या, किती कुजल्या, किती नुसत्याच फुगून राहिल्या, ते मोजायचं. शेडाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, तीच तिची प्रयोगशाळा. अहवालावर सही दुसऱ्याची असायची. अख्ख्या प्लांटात मीनाच्या नावाचा एकही कागद नव्हता.

"मीना, तुला मुद्दाम आणलंय," मुकादम तिच्याकडं वळला. "साहेबानं काही विचारलं तर तू बोल, तुला येतं. पण आकडा विचारला तर नऊ. जूनपासून लॅबमध्ये तुझी नेमणूक, लेटरसकट. मॅनेजरच्या कानावर घातलंय मी."

"बरं," मीना म्हणाली.

तिला ते लेटर हवं होतं. त्यावर आपलं नाव कसं दिसेल हेही तिनं मनात पाहून ठेवलं होतं. पण 'नऊ' हा शब्द ऐकला की तिला फेब्रुवारीतला तो दिवस आठवायचा.

फेब्रुवारीत शेडातल्या, बी वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं बेअरिंग तापलं आणि आतला भुसा धुमसायला लागला. ज्वाळा नव्हत्या, नुसता धूर. शेडाला दार एकच. बाया त्या दारातून धावत पटांगणात आल्या. वॉचमन साहेबराव रजिस्टर घेऊन आला. रजिस्टरात नऊ नावं. त्यानं समोरच्या घोळक्यावरून नजर फिरवली, बाया नऊपेक्षा जास्तच दिसल्या, म्हणजे सगळ्या आल्या. मग कुणीतरी शहाणपणानं सांगितलं की दार लावून घ्या, हवा लागली तर आग भडकेल. ते शास्त्राला धरूनच होतं. दार लागलं. मीना तेवढ्यात बाया मोजत होती, सवयीनं, बिया मोजाव्यात तशी. पंचवीस भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा पंचवीस. गयाबाई मागच्या बाजूला, पोत्यांच्या थप्पीपलीकडच्या संडासात होती. दार उघडून तिला बाहेर काढलं तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. पुढं आठवडाभर ती खोकत होती. प्लांटात त्याचं नाव निघालं नाही, कारण रजिस्टराप्रमाणं काही घडलंच नव्हतं.

तेव्हापासून मीना रोज सकाळी शेडातल्या बाया मोजायची. कुणी सांगितलं नव्हतं.

अग्निशमन केंद्राच्या मोठ्या दारांत दोन लाल बंब रस्त्याकडं तोंड करून उभे होते. जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला. तिशीचा, काटक फायरमन पुढं आला. त्यानं आपलं नाव कल्याण सांगितलं आणि लगेच पट्ट्याकडं बोट दाखवलं.

"मावशी, ताई, सगळ्यांनी या पट्ट्याच्या बाहेर. घंटा झाली की आम्ही समोर कोण आहे ते बघत नाही."

"म्हंजे आमच्या अंगावरून गाडी न्याल?" एकीनं विचारलं.

"नेऊ. आणि परत आल्यावर माफी मागू."

बायांना हा माणूस आवडला. त्यानं गमबूट दाखवले. बूट भिंतीशी उभे आणि पँट त्यांच्यावरच दुमडून ठेवलेली, म्हणजे पाय घातला की बूट आणि पँट एकदमच चढतात. त्यानं ते करून दाखवलं. मीनानं मोबाइलवर वेळ लावली. डोक्यावर हेल्मेट बसेपर्यंत अडतीस सेकंद.

"माझा नवरा एवढ्या टायमात कूस बदलत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

बंबात पाणी किती, हे मीनानं विचारलं. साडेचार हजार लिटर. आणि पंप मिनिटाला किती फेकतो? अठराशे.

"म्हणजे पूर्ण सोडलं तर अडीच मिनिटं," ती म्हणाली.

कल्याणनं तिच्याकडं नीट पाहिलं. "हो. लोकांना वाटतं बंब आला म्हणजे समुद्र आला. अडीच मिनिटं असतात फक्त. म्हणून कुठं मारायचं ते आधी ठरवावं लागतं."

तेवढ्यात फाटकाशी सहा आसनी रिक्षा थांबली आणि तिच्यातून नंदाबाई उतरली. खरी नंदाबाई. पंचावन्न वर्षांची, ठेंगणी, निवडीच्या मशीनवर तिच्यासारखा हात प्लांटात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिला बघून मुकादमाचा चेहरा उतरला.

"तू काहून आली?"

"लाईट गेल्ती. मशीन बंद. म्हटलं बसून काय करू, बंब बघून येऊ."

"तुझ्या वाटची मीना आली ना इथं."

"मंग तिनं बघितला की मला दिसल का?" नंदाबाई म्हणाली आणि पट्ट्याच्या कडेला जाऊन बंबाकडं मान वर करून बघत उभी राहिली.

आतून गिरिधर साहेब आले. ते केंद्राचे अधिकारी, पन्नाशी उलटलेली, आवाज हळू. हाताला जुन्या भाजल्याची गुळगुळीत कातडी. त्यांनी धुरात जाताना पाठीवर घेतात तो हवेचा सिलिंडर दाखवला आणि मग भिंतीवरची एक फळी. फळीला खिळे, खिळ्यांखाली रेघा.

"आत जाणारा माणूस आधी आपल्या नावाचा बिल्ला या खिळ्याला अडकवतो. शेजारी खडूनं वेळ लिहिली जाते. सिलिंडरमध्ये हवा अर्ध्या तासाची. बाहेर आला की बिल्ला त्यानं स्वतः काढायचा. दुसऱ्यानं काढायचा नाही."

"का?" मीनानं विचारलं.

"दुसऱ्यानं काढला, की तो बाहेर आलाय असं समजून आम्ही मोकळे होतो." त्यांनी फळीवर हात ठेवला. "तुमच्याकडं आग लागली तर पाणी कुठं, वीज कुठून बंद करायची, हे सगळं मी नंतर विचारतो. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न एकच. आत किती माणसं? गेटवर जो आकडा मिळेल त्यावर मी माझी पोरं आत पाठवतो. आकडा भरला की थांबवतो."

"थांबवता?"

"सगळे बाहेर आले म्हटल्यावर कुणासाठी पाठवू? त्यांनाही घरं आहेत, बाई."

मीनानं गयाबाईकडं पाहिलं. गयाबाई फळीकडं बघत होती.

मग टेबल मांडलं गेलं. प्रमाणपत्रांची चळत आली, मुकादमाची यादी आली, आणि केंद्राच्या कपाटातून प्लांटची फाईल आली. फाईलमध्ये प्रत्येक शेडाचा नकाशा, दारं, पाण्याची टाकी, आणि एका रकान्यात माणसांची संख्या. गिरिधर साहेबांनी चष्मा लावला.

"नंदाबाई?"

"हजर," मीना म्हणाली.

"हाय की," नंदाबाई म्हणाली.

बाया फिसकन हसल्या. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दोघी नंदाबाई हायेत साहेब," मुकादम घाईनं म्हणाला. "एक ही, एक ती."

"यादीत एकच आहे."

"टाइप करताना सुटली आसल."

आपण खरं सांगायला हवं हे मीनाला कळत होतं. पण जूनचं लेटर तिच्या डोळ्यांसमोर होतं, पांढरं स्वच्छ.

साहेबांनी यादीवर खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. "शेवंताबाई?"

कुणी ओ दिली नाही. मुकादमानं गयाबाईला कोपरानं ढोसलं.

"शेवंताबाई आल्या नाहीत का?"

"ती येत न्हाई आता," गयाबाई म्हणाली. "वारली साहेब. आषाढात. मला तिच्या नावानं बोलवून राह्यले, पण मी न्हाई बोलायची."

मुकादम हसायला गेला. "साहेब, म्हातारी हाय, तिचं काय घेऊन बसले."

साहेब हसले नाहीत. त्यांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली, समोरच्या बाया मोजल्या, फाईलमधल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मघाशी नंदाबाई म्हणून हजर झालेल्या मुलीकडं बघितलं.

"तुमचं नाव काय?"

"मीना," ती म्हणाली. "मीना रामकिसन पडूळ."

"या फाईलप्रमाणं तीन नंबरच्या शेडात नऊ माणसं काम करतात. बरोबर आहे?"

"बराबर हाय साहेब, नऊ," मुकादम म्हणाला.

"मी यांना विचारलं."

"सव्वीस," मीना म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आज सकाळी मी मोजल्यात. रोज मोजते. सव्वीस जणी आणि दार एक. नकाशात मागं दुसरं दार दाखवलंय ना, त्याच्यासमोर छतापर्यंत पोती आहेत. दिवाळीपासून उघडलेलं नाही."

"ही नवी पोरगी हाय साहेब, हिसाबात कच्ची..."

"कच्ची?" नंदाबाई म्हणाली. "बीएस्सी हाय ती. तुझ्या मॅनेजरला तरी जमतं का तिच्यासारखं मोजायला?"

गिरिधर साहेबांनी फाईल मीनाकडं फिरवली आणि पेन पुढं केलं. "मी ऐकीव लिहीत नाही. माहिती देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, खाली सही करायची. पण आधी विचार करा. इथं लिहिलेलं खोडता येत नाही. उद्या तुम्हाला कामावरून काढलं तर मला ते थांबवता येणार नाही."

मीनानं पेन घेतलं. 'शेड क्र. ३ मध्ये प्रत्यक्षात' एवढं लिहिलं आणि घंटा झाली.

पुढचं सगळं एका मिनिटाच्या आत घडलं. खुर्ची मागं पडली, कल्याण तिच्या शेजारून वाऱ्यासारखा गेला, बूट आपटले, कुणीतरी ओरडून सांगितलं की अंबड रोडला कडब्याचा ट्रक विजेच्या तारेला लागून पेटलाय. साहेबांनी हेल्मेट उचललं, मीनाकडं बघितलंसुद्धा नाही, आणि दोन्ही बंब सायरन वाजवत रस्त्याला लागले. बाया पट्ट्याच्या बाहेर भिंतीला चिकटून उभ्या होत्या. बंब होते तिथं आता ओली फरशी आणि तेलाचे दोन डाग.

सगळ्यांत आधी मुकादम सावरला.

"चला, बसा टेम्पोत. साहेब गेले, कार्यक्रम संपला." त्यानं यादी उचलून खिशात घातली आणि फाईलवर हात ठेवला.

"फाईल त्यांची आहे," मीना म्हणाली. "हात काढा."

"पानच तर हाय एक. अर्धवट तर लिहिलंय."

"त्या फाईलला हात लावू नका हो," आतल्या खोलीतून फोनवर बसलेला माणूस मान न वळवता म्हणाला. मुकादमानं हात काढला.

"नका लावू तर नका लावू. चला म्हणतो ना मी. जल्दी."

मीना खाली बसली. पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, भिंतीला टेकून, फरशीवर. आपण असं करू असं तिला स्वतःलाही दोन मिनिटांपूर्वी वाटलं नव्हतं. "साहेब येईपर्यंत मी थांबणार."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

गयाबाई तिच्या शेजारी बसली. मग नंदाबाई गुडघ्यांवर हात देत बसली, म्हणाली, "बंब गेला तो कसा येतो तेबी बघू." मग बाकीच्या. मुकादम टेम्पोपर्यंत गेला, ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला, परत आला. दहा जणी भिंतीला ओळीनं बसलेल्या होत्या. एकीनं डबा सोडला होता.

साडेअकराला मॅनेजरचा फोन आला. बाराला पुन्हा. साडेबाराला मुकादम फोन कानापासून लांब धरून नंदाबाईजवळ आला.

"लाईट आली म्हणं. मशीन तुझ्यावाचून थांबलंय. मॅनेजर तापलेत."

"म्हणावं तुमच्याकडं दोन दोन नंदाबाई हायेत. दुसरीला लावा."

बाया खिदळल्या. मुकादमानं फोन बंद केला आणि थोड्या वेळानं तो मीनाच्या समोर उकिडवा बसला. आता त्याचा आवाज मऊ होता.

"पोरी, मी तुझं वाईट करून राह्यलो का? मला वरून सांगतात तसं करतो. माझंबी घर हाय. जून कुठं लांब हाय आता?"

"सेहेचाळीस दिवस."

"मोजलेत ना तू? मंग एवढ्यासाठी घालवती का? लेटर आलं की तुझं नाव कागदावर पक्कं. तेच पायजे ना तुला?"

तेच हवं होतं. ती खोटं बोलू शकली असती, पण त्यात काय अर्थ होता. "हो," ती म्हणाली. "माझं नाव लागलं की नऊचे दहा होतील. बाकीच्या सोळा जणींना धुरात कोण शोधणार?"

"आग काय रोज लागती?"

"फेब्रुवारीत लागली होती."

"ती काय आग होती का."

"मला इचार ना, भुजंगा," गयाबाई म्हणाली. "मी होते आत."

मुकादम उठला आणि टेम्पोच्या सावलीत जाऊन उभा राहिला.

पावणेदोनला बंब आले. माणसं काळवंडलेली, कल्याणच्या भुवयांवर कडब्याची राख. ट्रक जळून गेला होता, ड्रायव्हर वाचला होता. गिरिधर साहेब नळावर तोंड धुऊन वळले तर समोर दहा बाया.

"अजून इथंच?"

"वाक्य अर्धं राहिलंय साहेब," मीना म्हणाली.

साहेबांनी ओल्या हातानं टेबलाची खुर्ची ओढून तिला दिली. मीनानं वाक्य पुरं केलं. मग त्याखाली क्रमांक घातले आणि एकेक नाव लिहायला घेतलं. ती लिहायची आणि नंदाबाई बोलायची, मशीनवरच्या, टेबलांवरच्या, शिलाईवरच्या, झाडलोट करणाऱ्या दोघी. कुणाचं सासरचं आडनाव आठवेना तेव्हा गयाबाईनं सांगितलं. मागच्या दाराचं आणि पोत्यांचं तिनं वेगळ्या ओळीत लिहिलं, थप्पीची उंची अंदाजे बारा फूट. मग सही केली.

"मलाबी दे," नंदाबाईनं पेन मागितलं.

"एकीची सही पुरते," साहेब म्हणाले.

"तुम्हाला पुरती. पण एकीला काढून टाकणं सोपं पडतं. दहा जणींना काढलं तर कपाशीचं बी काय मॅनेजरची बायको निवडणार हाय का?"

साहेबांनी पान सरळ केलं आणि तिच्यापुढं ठेवलं. दहाही जणींनी सह्या केल्या. गयाबाईला सहीला सगळ्यात वेळ लागला. 'गया' एवढं लिहून तिनं पेन उचललं, पुन्हा टेकवलं आणि 'बाई' जोडलं.

"नव्या माहितीवर दाखला तसाच पुढं जात नाही," साहेब मुकादमाला म्हणाले. "मी उद्या अकराला शेड बघायला येतो. पोती हलवलेली असू द्या. आणि मी हे पान घेऊन येणार आहे. माणसं यावरून मोजीन."

परतीच्या टेम्पोत मुकादम पुढं ड्रायव्हरजवळ बसला आणि पूर्ण वाटभर फोनवर कुजबुजत राहिला.

प्लांटच्या गेटवर मॅनेजर स्वतः उभा होता. पांढरा शर्ट, काखेत घामाचे डाग. साहेबराव वॉचमन त्याच्या मागं.

"तू आत यायचं नाही," मॅनेजर मीनाला म्हणाला. "बाकीच्या चला कामाला. सकाळपासून मशीन बंद आहे."

मीना गेटच्या बाहेर उभी राहिली. तिला भीती वाटत होती. "नाही येत. पण उद्या अकराला अग्निशमनचे साहेब सव्वीस नावं घेऊन येतील. मी बाहेर असेन तर पंचवीस भरतील. एक कुठं गेली ते तुम्हीच सांगा त्यांना."

"धमकी देतेस?"

"मोजणी सांगते."

मॅनेजरनं नंदाबाईला खूण केली, आत चल. नंदाबाई मीनाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"गेटवर नाव लिहा, मंग आत. सगळ्यांचं. सकाळी आत जाताना अन् संध्याकाळी बाहेर पडताना."

"ते उद्या बघू."

"उद्या न्हाई. आज. मशीन तुमचं हाय, थांबलं तर आमचं काय जातं?"

शेडाच्या दारात बाया जमल्या होत्या. बाहेर काय चाललंय ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण गेटवरच्या घोळक्याकडं बघून एक जण पटांगणात उतरली आणि तिच्यामागं दुसरी. मॅनेजरनं घड्याळ बघितलं, माल भरायला उभ्या असलेल्या ट्रककडं बघितलं, मग शेडाच्या दाराकडं.

"लिहून घे," तो साहेबरावला म्हणाला. आणि मीनाला, "लॅबचं मात्र पुन्हा माझ्याकडं बोलायचं नाही. ते संपलं."

"बरं," मीना म्हणाली. ते ऐकून लागलं तिला. लागणार हे सकाळपासून माहीत होतं, तरी लागलं.

साहेबरावनं खुर्ची उन्हातून सावलीत ओढली, रजिस्टरातलं नऊ नावांचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, काम, वेळ.

"नाव?"

"मीना रामकिसन पडूळ."

त्यानं हळूहळू लिहिलं. "काम?"

"उगवण चाचणी."

साहेबरावचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून आधी पाठमोऱ्या मॅनेजरकडं आणि मग मुकादमाकडं पाहिलं. "निवड लिहू का? लॅबचं तर आता..."

"त्यांच्याकडं काय बघता? बारा-बारा दिवस बिया मी मोजते," मीना म्हणाली. "जे काम करते ते लिहा. आणि लवकर लिहा, साहेबरावभाऊ. मागं नऊ जणी उभ्या आहेत, आतून सोळा येऊन राहिल्यात."